एलिशा कुक ज्युनियर : एका चरित्र अभिनेत्याच्या कारकिर्दीवरील प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

आमच्या चित्रपट मंडळाने या वर्षी एका चरित्र अभिनेत्यावर कार्यक्रम करायचे ठरवले असून त्याची जुळवाजुळव माझ्याकडे आली आहे. मी एलिशा कुक ज्युनियर यांचे नाव सुचवले आणि ते मान्य झाले. त्यांचे निधन १८ मे १९९५ रोजी कॅलिफोर्नियातील बिग पाइन या डोंगरपायथ्याच्या लहानशा गावी झाले. येत्या १८ मे रोजी त्याला तीस वर्षे पूर्ण होतील आणि योगायोगाने त्या दिवशी रविवार आहे, त्यामुळे तारीख पहिल्याच बैठकीत पक्की झाली. एक छोटी टिपणपुस्तिका तयार करायची आणि सकाळ-संध्याकाळ मिळून दोन पूर्ण चित्रपट व काही निवडक प्रसंग दाखवायचे, असे कामाचे स्वरूप आहे.

आज नोंदपत्रांचा नमुना आखला. चित्रपटाचे नाव आणि वर्ष, दिग्दर्शक, पात्राचे नाव, पात्राचा व्यवसाय आणि शेवट, असे पाच रकाने ठेवले आहेत. ‘शेवट’ हा रकाना मुद्दाम घातला, कारण अमेरिकन चित्रपटांच्या जाणकारांमध्ये हा नट ओळखला जातो तो हमखास मारला जाणारा माणूस म्हणून. कोणत्या चित्रपटात गोळीने, कोणत्या चित्रपटात विषाने, हे एकत्र मांडले की कारकिर्दीचे चित्र आपोआप उभे राहील, असा आज तरी माझा अंदाज आहे.

८ जानेवारी

पुस्तिकेच्या पहिल्याच वाक्यात अडले. ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे, परंतु तो उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातील वडील, मोठा भाऊ, इन्स्पेक्टर किंवा मुनीमजी उभे राहतात, म्हणजे वयाने आणि नात्याने ठरलेली माणसे. हॉलिवूडमध्ये या शब्दाचा रोख वेगळा आहे. तिथे नायक-नायिका वगळता ज्याचा चेहरा, आवाज आणि अंगकाठी यांतून एखादी विशिष्ट वृत्ती क्षणात उभी राहते, तो चरित्र अभिनेता होय. त्याला पडद्यावर फार वेळ मिळत नाही, त्यामुळे आपण कोण आहोत हे त्याला पहिल्या काही सेकंदांत सांगावे लागते. ‘सहाय्यक अभिनेता’ हा शब्द मी विचारात घेतला आणि सोडून दिला, कारण तो पुरस्काराचा विभाग सांगतो, कामाचा प्रकार सांगत नाही. शेवटी रुळलेलाच शब्द ठेवून त्याखाली हे स्पष्टीकरण दिले.

ऑस्करमध्ये सहाय्यक भूमिकांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाले ते १९३६ सालच्या चित्रपटांपासून, आणि कुक न्यूयॉर्कची रंगभूमी सोडून हॉलिवूडमध्ये स्थिरावले तेही १९३६ सालीच. त्यांना आयुष्यात एकदाही नामांकन मिळाले नाही. ही गोष्ट नोंदवताना मनाला लागली, ती तशीच पुस्तिकेत ठेवणार आहे.

१४ जानेवारी

जीवनपट लिहून झाला. जन्म २६ डिसेंबर १९०३, सॅन फ्रान्सिस्को. बालपण शिकागोत गेले आणि किशोरवयातच ते रंगमंचावर आले. १९३३ साली यूजीन ओनील यांच्या ‘आह, विल्डरनेस!’ या नाटकात जॉर्ज एम. कोहान यांच्यासारख्या दिग्गजासमोर त्यांनी रिचर्ड मिलर या कविता वाचून पेटलेल्या कोवळ्या मुलाची भूमिका केली. हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे आणि कुक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. ठेंगणी, सडपातळ चण, मोठे डोळे आणि ओठांच्या कोपऱ्यात साठलेली तक्रार, यांमुळे ते पुढेही कितीतरी वर्षे ‘पोरगा’च राहिले.

नायक होण्यासारखा हा देह नव्हता, हे उघड आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. पोरगेल्या शरीरात प्रौढ माणसाचा अपमान साठवलेला असणे ही त्यांच्या अभिनयाची मूळ पुंजी होती, आणि ती त्यांनी रंगमंचावरूनच बरोबर आणली असावी.

१९ जानेवारी

आज १९४० चा ‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर’ पाहिला. आर. के. ओ. या स्टुडिओने काढलेला हा तासाभराचा छोटा चित्रपट अनेक अभ्यासक पहिला फिल्म न्वार, म्हणजे अंधाऱ्या, निराश वातावरणाचा गुन्हेगारीपट, मानतात. कुक यांनी यात जो ब्रिग्ज या टॅक्सीचालकाचे काम केले आहे. तो निर्दोष आहे, पण एका वार्ताहराच्या साक्षीमुळे खुनी ठरतो. न्यायालयातील प्रसंग मी तीनदा पाहिला. ज्यूरीतील एक गृहस्थ डुलक्या घेत आहेत, न्यायाधीशांचे लक्ष दुसरीकडे आहे, आणि या साऱ्या सुस्त हवेत आपण काहीही केलेले नाही, असे कुक जिवाच्या आकांताने ओरडून सांगत आहेत. सुनावणी नेहमीच्या कंटाळवाण्या चालीने चालली आहे आणि तिच्यात एका माणसाचा प्राण जात आहे, हे त्या एका आवाजावरूनच कळते.

‘शेवट’ या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न पहिल्याच नोंदपत्रावर आला. ब्रिग्ज मरत नाही. खरा खुनी सापडतो आणि ब्रिग्ज सुटतो. ‘सुटका’ असे लिहून पुढे गेले.

२६ जानेवारी

सुटीचा दिवस पूर्णपणे ‘द माल्टीज फाल्कन’ला दिला. १९४१ चा हा जॉन ह्यूस्टन यांचा पहिला दिग्दर्शित चित्रपट. हम्फ्री बोगार्ट, मेरी अॅस्टर, पीटर लॉरी आणि सिडनी ग्रीनस्ट्रीट अशा मातब्बर मंडळींमध्ये कुक यांनी विल्मर हा ग्रीनस्ट्रीटच्या पदरी असलेला पिस्तूलबाज तरुण उभा केला. अंगावर मोठा ओव्हरकोट, दोन्ही खिशांत पिस्तुले आणि चेहऱ्यावर धमकी. हॉटेलच्या मार्गिकेत बोगार्ट मागून त्याचा कोट खांद्यांवरून खाली खेचतो, हात कोटातच अडकतात आणि दोन्ही पिस्तुले काढून घेतली जातात. लहान मुलाचा अंगरखा उतरवावा इतक्या सहज ते घडते. त्या कोटाने विल्मरला जे मोठेपण दिले होते, तेच त्याला बांधून टाकते.

पुढे एका प्रसंगात बोगार्टला धमकावताना विल्मरच्या डोळ्यांत पाणी तरळते. कॅमेरा अगदी जवळ आहे. ओठ आवळलेले आहेत, आवाज कठोर आहे आणि डोळे मात्र भरून आले आहेत. कुक तेव्हा ३७ वर्षांचे होते, आणि चित्रपटभर सगळे त्यांना पोरगा म्हणून हाक मारतात.

याच चित्रपटातील एका शब्दावर पुस्तिकेत स्वतंत्र चौकट करणार आहे. बोगार्टचे पात्र विल्मरला ‘गन्सेल’ म्हणते. यिडिश भाषेतील हंसाच्या पिल्लासाठीच्या शब्दावरून आलेला हा शब्द तेव्हाच्या बोलीत थोरल्या पुरुषाने बाळगलेल्या तरुणासाठी वापरला जाई. मूळ कादंबरीचे लेखक डॅशिएल हॅमेट यांनी तो योजला तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात बंदूकच ऐकू आली आणि त्यांनी त्याचा अर्थ पिस्तूलधारी गुंड असा घेतला. नंतर चित्रपटाच्या आचारसंहितेच्या कात्रीतूनही तो सुटला. आज इंग्रजी कोशांत त्याचा ‘पिस्तूलबाज’ हा अर्थही नोंदलेला आढळतो, आणि त्या अर्थाला सर्वांत ठळक चेहरा कुक यांचा आहे.

२७ जानेवारी

कालच्या पत्रावर घाईने केलेली चूक आज दुरुस्त केली. विल्मरच्या पुढे ‘शेवट’ या रकान्यात मी ‘मृत्यू’ असे लिहून टाकले होते. चित्रपट पुन्हा लावून पाहिला, तेव्हा लक्षात आले की विल्मर मरतच नाही. ज्याच्यासाठी सारी धडपड चालली आहे त्या काळ्या पक्ष्याच्या पुतळ्यावर बाकीची मंडळी तुटून पडलेली असताना तो गुपचूप दारातून निसटतो, आणि त्याच्या जाण्याकडे प्रेक्षकाचेही लक्ष नसते. मी हा चित्रपट याआधी निदान चारदा पाहिला असेल, तरी माझ्या आठवणीत विल्मर मेलेलाच होता. नटाची ख्याती माझ्या डोळ्यांपेक्षा जबर ठरली. आता प्रत्येक पत्र चित्रपट समोर ठेवूनच भरायचे.

२ फेब्रुवारी

आजच्याच तारखेला, १९६७ साली, ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेचा ‘कोर्ट मार्शल’ हा भाग अमेरिकेत प्रसारित झाला होता, म्हणून क्रम सोडून तो आजच पाहिला. कुक यांनी सॅम्युअल कॉगली या वकिलाचे काम केले आहे. मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याच्यावर सहकाऱ्याच्या मृत्यूचा ठपका आहे आणि संगणकाची नोंद त्याच्या विरुद्ध आहे. कॉगली मात्र खोली भरून छापील पुस्तके बाळगणारा माणूस आहे. कायदा यंत्रात सापडत नाही, तो ग्रंथांत आहे, असे तो कळकळीने सांगतो.

हा भाग पाहताना मला सारखा जो ब्रिग्ज आठवत राहिला. ज्याचे कोणी ऐकत नव्हते तो आरोपी सत्तावीस वर्षांनी दुसऱ्या आरोपीचा वकील होऊन उभा आहे, आणि आता त्याचे ऐकावेच लागते. दोन प्रसंग पाठोपाठ दाखवण्याची कल्पना मी दूरध्वनीवरून मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांना सांगितली.

“अहो ताई, आपले चित्रपट मंडळ आहे. दूरचित्रवाणी मालिकेचा भाग त्यात कसा बसवायचा?” त्यांनी विचारले.

“काका, यांची निम्मी कारकीर्द मालिकांत गेली आहे,” मी म्हटले. “ती वगळली तर आपण नटाचा कार्यक्रम करणार नाही, आपल्या आवडीच्या चित्रपटांचा करू.”

त्यांनी विचार करून सांगतो म्हटले.

९ फेब्रुवारी

काकांना पटावे म्हणून मालिकांच्या काळावर दोन पानांचे टिपण केले. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंना चित्रपटगृहांच्या मालकीपासून दूर होण्यास भाग पाडले. स्टुडिओंची हमखास मिळकत आटली आणि पगारी नटांची मोठी फौज बाळगणे त्यांना परवडेनासे झाले. त्याच वेळी दूरचित्रवाणी घरोघर पोचत होती. पन्नाशीच्या दशकात एखाद्या साप्ताहिक मालिकेच्या एका हंगामात ३९ भाग काढण्याची रीत होती. प्रत्येक भागात नायक तोच राहिला, तरी साक्षीदार, जुगारी, भेदरलेला दुकानदार, लाच खाणारा कारकून हे दर आठवड्याला नवे लागत. ज्याला तालमीशिवाय, दोन-तीन दिवसांत, नेमका माणूस उभा करता येई, त्याला काम मिळत राही. ‘सुपरमॅन’, ‘पेरी मेसन’, ‘गनस्मोक’, ‘रॉहाइड’, ‘बॅटमॅन’ अशा एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या मालिकांमध्ये कुक दिसतात ते यामुळे.

पैशाची बाजूही लिहिली, कारण ती टाळणे मला अप्रामाणिक वाटते. जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा दाखवले जाऊ लागले, तेव्हा नटांना त्याचा वाटा मिळावा म्हणून पडदा नट संघटनेने १९६० साली संप केला. तडजोड झाली ती १९६० आणि त्यानंतरच्या चित्रपटांपुरती. त्यापूर्वीच्या काळापोटी स्टुडिओंनी निवृत्ती आणि आरोग्य निधीसाठी एकरकमी पैसे दिले, परंतु जुन्या चित्रपटांच्या प्रत्येक पुनर्प्रसारणाचा हिस्सा नटांच्या हाती आला नाही. कुक यांची जी कामे आज आपण शोधून शोधून पाहतो, ती जवळजवळ सगळी १९६० पूर्वीची आहेत. रात्री उशिरा लाखो घरांत विल्मरचे डोळे भरून येत होते, आणि ते डोळे ज्यांचे होते ते पुढच्या मालिकेतील दोन दिवसांच्या कामावर जात होते.

१६ फेब्रुवारी

१९४४ चा ‘फँटम लेडी’. दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमॅक. कुक ढोलवादक झाले आहेत. तळघरातील जॅझच्या मैफलीत एला रेन्स त्यांना नजरेने चिथावत राहते आणि त्यांच्या काठ्यांचा वेग वाढत वाढत जातो, घाम ओघळतो, चेहरा वेडावाकडा होतो. एक शब्दही न बोलता सर्व काही सांगितले जाते. या पात्राचा मात्र गळा आवळला जातो, म्हणजे ‘शेवट’ रकान्यातील पहिला मृत्यू हा. प्रसंग गाजलेला आहे, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून टिपण थोडक्यात ठेवले.

२ मार्च

हॉवर्ड हॉक्स यांचा ‘द बिग स्लीप’, १९४६. मला वाटते, या प्रकल्पाचा गाभा आज हाती लागला.

हॅरी जोन्स हा चिल्लर माणूस आहे. तो मार्लो या खासगी गुप्तहेराला, म्हणजे बोगार्टला, माहिती विकायला येतो, कारण त्याला अॅग्नेस नावाच्या बाईसाठी पैसे हवे आहेत. पुढे एका रिकाम्या कचेरीत कॅनिनो नावाचा मारेकरी त्याला गाठतो. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत मार्लो उभा आहे. धुरकट काचेपलीकडे दोन आकृत्या आहेत आणि आपल्याला मुख्यतः आवाजच ऐकू येतात. कॅनिनो गोड बोलतो, अॅग्नेसचा पत्ता विचारतो, पिस्तूल दाखवतो. जोन्स घाबरलेला आहे. आवाजात ती भीती स्पष्ट आहे. थोडा वेळ नकार देऊन तो पत्ता सांगतो. मग कॅनिनो त्याला पेला देतो, जोन्स तो पितो आणि कोसळतो. त्यात विष असते. नंतर मार्लो चौकशी करतो तेव्हा कळते की जोन्सने दिलेला पत्ता खोटा होता.

हा भित्रा, ठेंगणा, कोणीही हाकलून द्यावा असा माणूस मरणाच्या दारात उभा राहून एका बाईला वाचवतो, आणि त्याने काय केले हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही. कुक यांनी तो पत्ता खऱ्या पत्त्यासारखाच सांगितला आहे, हार मानलेल्या माणसाच्या स्वरात. सूचक विराम नाही, प्रेक्षकाला खूण नाही. त्यांनी तसूभर जरी खूण केली असती, तर कॅनिनोलाही ती कळली असती.

जोन्सच्या पत्रावर ‘शेवट : विषप्रयोग’ असे लिहिताना हात थांबला. हे लिहून मी त्याच्याविषयी काहीच सांगत नव्हते.

३ मार्च

सर्व पत्रे पुन्हा लिहायला घेतली. ‘शेवट’ हा रकाना काढून त्याऐवजी ‘भीती कुठे मोडते’ असा रकाना केला. शब्द फार शास्त्रशुद्ध नाहीत, परंतु या नटाच्या कामात मी जे शोधते आहे ते यापेक्षा नेमके सांगता येत नाही. त्यांची बहुतेक माणसे भेदरलेली आहेत. त्या भीतीतून एखाद्या क्षणी माणूस काहीतरी ठरवतो, चांगले किंवा भयंकर, आणि तो क्षण कुक यांनी कधीही मोठा करून दाखवला नाही.

१६ मार्च

‘शेन’. चित्रीकरण १९५१ मध्ये वायोमिंगमधील टेटन पर्वतरांगांच्या परिसरात झाले आणि चित्रपट १९५३ मध्ये आला. कुक यांनी टॉरी हा अलाबामाहून आलेला शेतकरी केला आहे, ज्याला गावकरी अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेच्या सेनापतीवरून ‘स्टोनवॉल’ म्हणतात. जॅक पॅलन्स हा भाडोत्री पिस्तूलबाज गुत्त्यापुढच्या लाकडी फळ्यांवरून चालतो, तर टॉरी खाली चिखलातून, घसरत, तोल सावरत. वर वीज गडगडते आहे. पॅलन्स त्याला आणि त्याच्या प्रांताला शिव्या घालतो. टॉरीला माघारी फिरता आले असते, पण तो पिस्तुलाला हात घालतो. पॅलन्सचे पिस्तूल आधीच निघालेले असते. मग एक विराम येतो. टॉरीचे पिस्तूल अर्ध्यावर आहे, त्याला सगळे कळून चुकले आहे, आणि समोरचा अजून गोळी झाडत नाही.

नंतरचा आवाज साध्या गोळीचा वाटत नाही, तोफेचा वाटतो. टॉरीचा देह मागे चिखलात फेकला जातो; दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी कुक यांना तारेने बांधून मागे ओढून घेतले होते. तोवरच्या पश्चिमपटांत (वेस्टर्न चित्रपटांत) गोळी लागलेला माणूस पोट धरून हळूच खाली बसे. इथे एका गोळीने माणसाचे काय होते ते दिसले, आणि पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी तेथून धडा घेतला. परंतु मी पुस्तिकेत तारेपेक्षा त्या विरामाला अधिक जागा देणार आहे. दफनाच्या वेळी टॉरीचा कुत्रा पेटीवर पंजा ठेवतो, तेही लिहिले आहे.

३० मार्च

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘द किलिंग’, १९५६. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील दरोड्याची ही गोष्ट आहे. कुक हे खिडकीवरचे रोखपाल जॉर्ज पीटी आहेत. कटात त्यांचे काम एवढेच, की आतून एक दार उघडून द्यायचे. घरी पत्नी शेरी, म्हणजे मेरी विंडसर, त्यांना उठता-बसता टोचते, आणि तिने आपल्याकडे आदराने पाहावे एवढ्यासाठी जॉर्ज तिच्यापुढे कटाची वाच्यता करून बसतो. तिथेच सर्वांचा घात होतो. विंडसर कुक यांच्याहून उंच होत्या आणि कुब्रिक यांनी हा फरक लपवलेला नाही. जॉर्ज बोलताना तिच्याकडे मान वर करून पाहतो.

शेवटी चेहरा रक्ताने माखलेला जॉर्ज घरी येतो. शेरी सामान बांधते आहे, दुसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून. तो गोळी झाडतो आणि पोपटाच्या पिंजऱ्यासकट खाली पडतो. जोन्सने एका बाईसाठी प्राण दिला होता. इथे त्याच चणीचा, त्याच आवाजाचा माणूस एका बाईचा प्राण घेतो, आणि त्या क्षणीही कुक यांच्या चेहऱ्यावर राग नाही, फक्त थकवा आहे. हा चित्रपट संध्याकाळच्या खेळाला पूर्ण दाखवायचा, हे ठरले. सकाळी ‘द बिग स्लीप’.

१३ एप्रिल

उत्तरार्धाचे टिपण. ‘हाउस ऑन हाँटेड हिल’ हा विल्यम कॅसल यांचा १९५९ चा भयपट, ‘रोझमेरीज बेबी’मध्ये नव्या जोडप्याला घर दाखवणारे श्री. निकलस, १९७९ च्या ‘सेलम्स लॉट’मधील दारुडा, आणि ऐंशीच्या दशकात ‘मॅग्नम’ मालिकेतील आइस पिक हा होनोलुलूचा म्हातारा गुन्हेगार. १९८२ साली विम वेंडर्स यांनी डॅशिएल हॅमेट यांच्यावर कल्पित चित्रपट केला, त्यात त्यांनी कुक यांना सॅन फ्रान्सिस्कोतील टॅक्सीचालक केले. विल्मरला जन्म देणाऱ्या लेखकाच्या गोष्टीत, स्वतःच्या जन्मगावी, पुन्हा टॅक्सीच्या चाकामागे. वेंडर्स यांनी हे जाणून केले असेल, असे मी धरून चालते.

जॉन ह्यूस्टन यांनी आत्मचरित्रात सांगितलेली गोष्ट पुस्तिकेच्या मलपृष्ठासाठी घेतली. कुक सिएरा पर्वतात उंचावर एकटे राहत, मासेमारीचे गळ स्वतः बांधत आणि सोनेरी ट्राउट पकडत. काम निघाले की हॉलिवूडहून निरोप्या डोंगरावर जाई. ते खाली येत, भूमिका करत आणि परत डोंगर चढत.

४ मे

काकांनी पुस्तिकेचा मसुदा वाचून परत पाठवला आहे. ‘कोर्ट मार्शल’चा प्रसंग घेण्यास त्यांची संमती आहे. समासात त्यांनी पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे : “ब्रिग्ज आणि कॉगली यांच्यामध्ये मध्यंतर ठेवू नये.”

१८ मे

खेळ पार पडले. सकाळी ‘द बिग स्लीप’ संपल्यावर चर्चेत पहिला प्रश्न बोगार्ट आणि नायिका लॉरेन बाकॉल यांच्याविषयी येईल, असे मी गृहीत धरले होते. मागच्या रांगेतील एका महाविद्यालयीन मुलीने विचारले, की जोन्स खोटे बोलतो आहे हे त्याच्या आवाजावरून आधी ओळखता येते का. मी नाही म्हटले. तिला खात्री करून घ्यायची होती. सभागृह आमच्याकडे आणखी पाऊण तास होते, म्हणून दिवे पुन्हा मालवले आणि धुरकट काचेचा तो प्रसंग सर्वांनी, या वेळी पत्ता खोटा आहे हे माहीत असताना, पहिल्यापासून ऐकला.